लाल शेपटीचा उंदीर

साहेब निवृत्त झाले त्याच वर्षी घरात उंदीर झाले. वहिनींना दोन्हींचा सारखाच ताप झाला, आणि दोन्हींपैकी उंदीर परवडला असं त्यांचं पहिल्यापासून मत होतं, कारण उंदीर निदान बोलत तरी नाही.

'साहेब' हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. धान्याच्या एका गोदामात ते सुपरवायझर होते. सुपरवायझर म्हणजे काय, तर हमाल पोती उचलतात आणि हे उभे राहून बघतात. हमाल साहेब म्हणायचे, ते गल्लीने उचललं, आणि ते यांच्या डोक्यात इतकं भिनलं की नोकरी संपली तरी साहेबी काही उतरेना. पोती गेली, हमाल गेले, पण उभं राहून बघायची सवय राहिली. मग ते घरात उभे राहून बघायला लागले. भाजी चिरताना मागे उभे. कपडे वाळत घालताना मागे उभे. वर सूचना फुकट. ते साहेब म्हणून त्यांची बायको सगळ्या गल्लीची वहिनी झाली. त्या साहेबीतून तिच्या वाट्याला आलं ते एवढंच.

वहिनी रजया शिवायच्या. स्वयंपाकघरामागे एक लांबट खोली होती. तिचं एक दार स्वयंपाकघरात उघडायचं आणि एक मागच्या रस्त्यावर. आत शिलाई मशीन, कापसाच्या पत्र्याच्या पेट्या, कापडाचे तागे आणि रजई पसरून टाके घालायला एक मोठं लाकडी टेबल. शेजारीपाजारी एखाददुसरी रजई करून घ्यायचे. हात असा, की दहा वर्षं वापरली तरी आतला कापूस एका कोपऱ्यात गोळा व्हायचा नाही. साहेब याला 'हिची हौस' म्हणायचे. पाहुणे आले की हसून सांगायचे, तेवढाच वेळ जातो हो तिचा. वहिनी चहाचे कप उचलता उचलता ऐकून घ्यायच्या आणि मनात म्हणायच्या, वेळ जातो कुणाचा ते दिसतंय.

आणि या वर्षी, कधी नव्हे ते, मोठं काम आलं. मुलींच्या वसतिगृहासाठी साठ रजया, थंडी पडायच्या आत. गेल्या वर्षी वसतिगृहाने कुठल्याशा व्यापाऱ्याकडून रजया घेतल्या, त्यातून ढेकूण आले आणि मुली अख्खा हिवाळा अंग खाजवत बसल्या. तेव्हापासून तिथल्या मेट्रनबाई रजईचं नाव काढलं तरी भुवई चढवायच्या. त्यांनी वहिनींना स्वच्छ सांगितलं की शिवण मला आवडली, पण माल उचलायच्या आधी मी स्वतः येऊन जागा बघणार. किडा, मुंगी, लेंडी, काहीही दिसलं की सगळं रद्द. सगळं नीट असेल तर दरवर्षी तुम्हीच.

दरवर्षी. वहिनी तो शब्द मनात घोळवत घरी आल्या. हौस असलेली बाई आणि काम असलेली बाई यांच्यात काय फरक असतो, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तो फरक त्यांनी पाहुण्यांपुढे कप उचलताना पुरेसा गिळला होता.

पाऊस सरून हवा कोरडी झाली, संध्याकाळी दारं लोटून घ्यावीशी वाटायला लागली, की गावाबाहेरची शेतं कापून होतात आणि तिथले उंदीर घरं धुंडाळत निघतात. त्यांना थंडी वाजते, त्यांना पोट असतं, बोटभर फट मिळाली की ते आत येतात. त्यात रागावण्यासारखं काही नाही. राग यावा अशी जात वेगळी असते. वहिनींनी काम घेतलं त्याच आठवड्यात खोली पालथी घातली. नळाचा पाइप भिंतीतून येतो तिथल्या भोकात भांडी घासायची तारेची घासणी कोंबली आणि वरून सिमेंट थापलं. खिडक्यांना बारीक जाळी मारली, सांडपाण्याच्या तोंडाला जाळी बसवली. दोन्ही दारांच्या तळाला पत्र्याची पट्टी ठोकली, फरशीला घासेल अशी. पेट्या बाकांवर चढवल्या आणि बाकं भिंतीपासून हातभर ओढली, म्हणजे मागून झाडू फिरतो. खोलीत खायची वस्तू न्यायची नाही, बिस्किटाचा तुकडासुद्धा नाही, असा नियम केला.

साहेब मागे उभे होतेच. सगळं होऊ दिलं आणि मग म्हणाले की हा सगळा घाबरटपणा आहे. गोदामात आम्ही एक भोक बुजवलं नाही कधी. उंदराला अडवायचं नसतं, पकडायचं असतं, आणि पकडायला पद्धत लागते. वहिनींना त्या गोदामातून घरी येणाऱ्या गव्हाच्या पिशव्या आठवल्या. एकेका पिशवीला तीन-तीन ठिगळं. पण त्या नळाकडे वळल्या. सिमेंटचे हात धुवायचे होते.

पद्धत म्हणजे पिंजरा. साहेबांनी तो बाजारातून असा आणला की जणू काही वाघ धरायचा आहे. स्वयंपाकघरात तीन जागा बघितल्या, पिंजरा ठेवून चार पावलं मागे जाऊन डोळे बारीक केले, आत पावाचा तुकडा लावला. सकाळी त्यात उंदीर होता. बिचारा अंगठ्याएवढा, भेदरलेला, पावाचा शेवटचा कण मात्र खाऊन झालेला. साहेबांनी त्यावर फडकं टाकलं, चपला घातल्या आणि जाहीर केलं की मारणं आपल्या पद्धतीत बसत नाही. लांब नेऊन सोडून येतो.

झालं. त्या दिवसापासून त्या माणसाला नोकरी लागली. रोज सकाळी पिंजऱ्यात उंदीर, रोज सकाळी फडकं, रोज सकाळी गल्लीतून मिरवणूक. लोक विचारायचे, साहेब, आज पण? साहेब मान हलवायचे, आज पण. आठवड्याभरात गल्लीला उंदरांचा डॉक्टर मिळाला. ज्यांच्या घरात आजवर झुरळ फिरकलं नव्हतं तेही सल्ला विचारायला येऊ लागले. साहेब खुर्ची ओढून बसायचे आणि उंदराचा स्वभाव, उंदराची चाल, उंदराची बुद्धी यावर बोलायचे. गल्ली ऐकायची. या गल्लीला कुणी पाय कसे धुवायचे यावर भाषण दिलं तरी ती ऐकेल.

वहिनींना खटकलं ते वेगळंच. रोज एकच उंदीर कसा? जोडी नाही, पिल्लं नाहीत, घरात एरवी कुठे खुडबुड नाही. आणि रोज सकाळी तो पिंजऱ्यात असा निवांत बसलेला, की याच्यासाठी पाव कुणी लावला आणि तो कशासाठी लावला, हे त्याला चांगलं ठाऊक असावं.

त्यापेक्षाही खटकायचं ते दार. साहेब फेरी मारून आले की थेट मागच्या खोलीत येऊन बातमी द्यायचे. कोण भेटलं, कोण काय म्हणालं, आपण काय उत्तर दिलं. वहिनी मशीनवर, तोंडात टाचण्या, नुसतं हं हं. बातमी संपली की साहेब जायचे आणि स्वयंपाकघराचं दार सताड उघडं टाकून जायचे. वहिनींनी गोडीत सांगितलं, रागात सांगितलं, दारावर कागद चिकटवला. साहेबांनी कागद वाचला, अक्षर चांगलं आहे म्हणाले आणि दार उघडं टाकून गेले. सगळ्या खोलीत मुंगी शिरेल एवढी फट वहिनींनी ठेवली नव्हती, पण नवऱ्याच्या फटीला सिमेंट कुठून आणणार?

व्हायचं ते झालं. एका सकाळी तयार रजयांच्या थप्पीतली सर्वांत वरची रजई कोपऱ्यावर कुरतडलेली निघाली. कापूस बाहेर आलेला, बाजूला दोन लेंड्या. वहिनींच्या डोळ्यांपुढे मेट्रनबाईंचा चेहरा आला. त्यांनी रजई उसवली, कापूस टाकून दिला, कापड उकळत्या पाण्यात घातलं आणि पुन्हा पहिल्यापासून नवीन रजई भरायला घेतली. थप्पीतली एकेक रजई उलगडून बघितली. दिवस त्यातच गेला. साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "बघ, तुझ्या सिमेंटने काही झालं का?"

वहिनींनी सुईत नवा दोरा ओवला. काही वाक्यांना उत्तर देणं म्हणजे आपलीच जीभ विटाळणं असतं.

दुसऱ्या दिवशी साहेब आंघोळीला गेले तेव्हा वहिनींनी पिंजऱ्याकडे मोर्चा वळवला. उंदराची शेपटी तारांतून बाहेर आलेली. कापडावर खुणा करायची लाल शाई त्यांच्याकडे होती, पाण्याने न जाणारी. काडीला कापूस गुंडाळून त्यांनी शेपटी टोकापासून मुळापर्यंत रंगवली. उंदराने जराही कुरकुर केली नाही. या घरात कुणीतरी शांतपणे काम करतंय याचं त्यालाही बरं वाटलं असेल. साहेब आले, नेहमीसारखं फडकं टाकलं, खाली न बघताच, आणि निघाले.

त्या दिवशी वहिनींना दोरा आणायला कोपऱ्यावर जायचं होतं. कोपऱ्यावर एक बंद पडलेला छापखाना आहे. त्याच्या पायरीवर निवृत्त पोस्टमन आणि दवाखान्यातला कंपाउंडर बसलेले असतात. साहेबही तिथेच बसलेले, मांडीवर रिकामा पिंजरा, हात हवेत, भाषण रंगात. लांब सोडून येतो म्हणजे इथे. घरापासून हाक मारली तर ऐकू येईल इथे. पायरीमागच्या गवतात उंदीर सोडायचा आणि गप्पा ठोकत बसायचं. वहिनी दोरा घेऊन मागच्या रस्त्याने परत आल्या. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं तर ओट्याखालून लाल शेपटी सुळकन गेली. साहेब अजून आले नव्हते. उंदीर त्यांच्या आधी पोचला होता.

वहिनी हसल्या. खरंच हसल्या, पदर तोंडाला लावून, एकट्याच. वाटलं, आता उद्या पिंजऱ्यात हा लाल शेपटीवाला बघतील तेव्हा यांचं तोंड बघण्यासारखं होईल. खजील होतील, पिंजरा ठेवून देतील, दार लावायला शिकतील. चौतीस वर्षं संसार करूनही बाईने नवऱ्याकडून एवढी अक्कल अपेक्षावी, हा वहिनींचाच भाबडेपणा.

सकाळी साहेबांनी फडकं टाकता टाकता खाली बघितलं. थबकले. वाकले. चष्मा आणला. मग ते ताठ उभे राहिले तेव्हा त्यांचा चेहरा असा फुलला होता, की मुलगा झाला तेव्हाही इतका फुलला नव्हता. म्हणाले, "अगं, ही वेगळीच जात आहे."

वहिनींनी शाईची बाटली आणून त्यांच्यापुढे धरली. मी रंगवलाय, म्हणाल्या, काल इथेच, याच पिंजऱ्यात. तुम्ही रोज एकच उंदीर पकडताय. साहेबांनी बाटली बघितली, उंदीर बघितला, क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं. पण ते क्षणभरच. मग ते शांतपणे म्हणाले, "तू रंगवलास तो वेगळा. हा मुळातच लाल आहे. रंगवलेलं आणि मुळातलं कळतं मला, गोदामात आयुष्य गेलंय माझं."

आणि फडकं न टाकता निघाले. गल्लीने बघावं म्हणून.

पुढचं सांगायलाच नको. दुपारपर्यंत गल्लीत लाल शेपटीचा उंदीर आला होता. संध्याकाळपर्यंत तो बाहेरून आला होता, कुठल्याशा ट्रकमधून. दुसऱ्या दिवशी तो चावला की ताप येऊ लागला. हे कोणी काढलं ते कुणालाच माहीत नाही, पण साहेबांनी नाही म्हटलं नाही. उलट 'सौम्य ताप' म्हणाले, म्हणजे त्यात आणखी वजन आलं. वहिनींनी दोघा-चौघांना शाईचं खरं काय ते सांगून बघितलं. ते सगळे समजूतदारपणे हसले. साहेबांचं नाव होतंय ते बायकोला बघवत नाही, असा त्या हसण्याचा अर्थ होता.

कंपाउंडर आठवड्यातून दोनदा डॉक्टरांबरोबर वसतिगृहात जायचा. कंपाउंडरच्या पोटात औषधसुद्धा राहत नाही, बातमी कुठून राहणार? दोनच दिवसांत मेट्रनबाईंचा फोन आला. आवाज बर्फासारखा थंड. तुमच्या घरात तापाचे उंदीर झालेत असं कळलंय. उद्या सकाळी येते. खरं असेल तर रजया तुमच्याकडेच राहू द्या.

साठच्या साठ रजया तयार होत्या. घड्या घालून, चादरीत बांधून. वहिनींनी फोन ठेवला. मग त्या साहेबांकडे गेल्या. भांडल्या नाहीत. अगदी समजुतीने सांगितलं की उद्या त्या बाई विचारतील, तेव्हा फक्त एवढंच म्हणा की साधा उंदीर आहे, शेपटीची आमची आपली थट्टा होती. एवढं एक वाक्य. माझ्यासाठी.

साहेबांनी पिंजऱ्याची कडी उघडली, लावली. मग म्हणाले, "सगळ्यांपुढे सांगितलेलं मी मागे घेऊ? लोक काय म्हणतील? आणि रजयांचं काय एवढं, या बाई नाही तर दुसरं कोणीतरी घेईल."

सकाळी मेट्रनबाई आल्या. ठेंगण्या, रुंद, चष्म्याला दोरी, हातात टॉर्च. साहेबांनी पुढच्या ओट्यावर खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या आणि साक्षीला पोस्टमन आणि कंपाउंडर आणून बसवले होते. मधोमध स्टुलावर पिंजरा, आणि पिंजऱ्यात उंदीर, लाल शेपटीसकट. सत्काराला बसल्यासारखा.

मेट्रनबाईंनी विचारलं, हाच का तो? साहेब उभे राहिले. घसा खाकरला. आणि वहिनी दारात उभ्या असताना, त्यांच्या मेहनतीच्या रजया भिंतीपलीकडे बांधून ठेवलेल्या असताना, त्या माणसाने पाच मिनिटं भाषण दिलं. जात, प्रसार, ताप. आमच्या घरात यांचा वावर सर्वांत जास्त आहे, असं सांगताना त्यांची छाती फुगली होती. कंपाउंडर मान डोलवत होता. मेट्रनबाई ऐकता ऐकता एक पायरी खाली उतरल्या. मग पर्सची चेन लावली.

ती चेन लागल्याचा आवाज वहिनींनी ऐकला. त्यांनी आजवर साहेबांना माणसांत कधी खाली पाहायला लावलं नव्हतं. मेकॅनिकने दुरुस्त केलेला पंखा साहेब आपण दुरुस्त केला म्हणून सांगायचे, तेव्हा त्या गप्प होत्या. मुलाचा अभ्यास त्यांनी घेतला आणि पेढे यांनी वाटले, तेव्हाही गप्प. लाज राखायची असते म्हणून राखली. पण आज समोरून दरवर्षीचं काम पायऱ्या उतरत होतं, आणि ज्याची लाज राखायची तोच ते ढकलत होता.

"बाई, दोन मिनिटं थांबा," वहिनी म्हणाल्या.

आतून त्या पांढरी चिंधी आणि डाग काढायच्या स्पिरिटची बाटली घेऊन आल्या. चिंधी भिजवली. पिंजऱ्यातून बाहेर आलेली शेपटी दोन बोटांत धरली आणि वरून खाली पुसली. चिंधी लाल झाली. शेपटी उंदरांची असते तशीच निघाली, मळकट करडी.

"ही माझी शाई आहे. उंदीर साधा आहे आणि एकच आहे. हे त्याला रोज कोपऱ्यावर सोडतात, आणि यांच्या गप्पा संपायच्या आत तो घरी आलेला असतो. मी यांना सांगितलं होतं, बाटली दाखवून सांगितलं होतं."

पोस्टमन आधी हसला. मग कंपाउंडर हसला, जो कालपर्यंत ताप वाटत फिरत होता. असले मित्र. साहेब चिंधीकडे बघत राहिले.

मेट्रनबाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, एक असो नाहीतर दहा, घरात उंदीर आहे ना. वहिनी म्हणाल्या, घरात आहे, माझ्या खोलीत नाही. या आणि बघा. आणि खोलीतसुद्धा एकदा आला होता, तेही सांगते. एक रजई कुरतडली, ती उसवून, कापूस टाकून मी पहिल्यापासून नवीन भरली.

हे शेवटचं त्यांनी का सांगितलं, ते त्यांना स्वतःलाही कळलं नाही. कुणी विचारलं नव्हतं. बहुधा त्या घरात त्या सकाळी थापा पुरेशा झाल्या होत्या.

मेट्रनबाई खोलीत शिरल्या आणि चक्क गुडघ्यांवर बसल्या. टॉर्च बाकांखाली, पेट्यांमागे, पाइपच्या सिमेंटवर, जाळीच्या कडांवर. कोपऱ्यांतून बोट फिरवून बघितलं. गाठोडं सोडायला लावून मधलीच एक रजई ओढली, नाकाला लावली, उन्हाला धरली. वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या. शेवटी मेट्रनबाई स्वयंपाकघराच्या दाराशी गेल्या, खालच्या पट्टीवरून हात फिरवला आणि विचारलं की एवढं सगळं आहे तर मग तो आत आला कसा.

वहिनींनी उघड्या दाराकडे बघितलं. दारात साहेब उभे होते. नेहमीसारखे, बघत. त्यांनीच मागे येऊन दार उघडलं होतं.

मेट्रनबाईंनीही बघितलं. त्यांनी वसतिगृहात पुष्कळ माणसं बघितली असणार, कारण त्यांना दुसरं काही विचारावं लागलं नाही. म्हणाल्या, "हे दार कायमचं बंद राहणार असेल तर मी माल नेते. पुढच्या वर्षाचंही बोलू."

"आजपासून बंद," वहिनी म्हणाल्या.

टेंपो मागच्या रस्त्याने आला, गाठोडी गेली. पोस्टमन आणि कंपाउंडर छापखान्याच्या पायरीवर परतले. गल्लीला आता महिनाभर पुरेल एवढं त्यांच्याकडे होतं. घर रिकामं झालं तेव्हा साहेब म्हणाले, "चारचौघांत माझं नाक कापलंस. आणि कशासाठी, तर तुझ्या हौसेसाठी."

वहिनींना वाटलं होतं की आपण ओरडू. पण आवाज साधाच निघाला. "तुमच्या गोदामात एक पोतं भिजलं की तीन दिवस या घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. मुलाला मी गप्प बसवायची, का, तर बाबांच्या कामात अडचण आहे. मी कधी म्हटलं नाही, एवढंसं पोतं. ते काम होतं. हे पण काम आहे. तुम्हाला ते दिसलं नाही, त्या बाईला गुडघ्यावर बसून दिसलं."

वहिनींनी हातोडी घेतली. दाराला आतून आडवी फळी ठोकायला सुरुवात केली. अहो, पण मग मी तुझ्याकडे कुठून यायचं, असं साहेबांनी पलीकडून विचारलं, आणि त्या आवाजात कधी नव्हे तो साहेब नव्हता. मागच्या रस्त्याने, वहिनी म्हणाल्या, गिऱ्हाईक येतं तिकडून. आणि काम असेल तर.

शेवटचा खिळा बसला. वहिनी मशीनवर बसल्या. पुढच्या वर्षाचं बोलणं ठरलं होतं, खोली चिडीचूप होती, सगळं त्यांना हवं होतं तसं होतं. तरीही त्यांना वाईट वाटलं. त्या पायरीवर आता साहेबांना कुणी बसू देणार नव्हतं, आणि घरात ते कुणाच्या मागे उभे राहणार? वाईट वाटलं, आणि आपल्याला वाईट वाटतंय याचा राग आला, आणि त्या रागात त्यांनी दोन टाके वेडेवाकडे घातले आणि उसवले.

बऱ्याच वेळाने मागच्या रस्त्याचं दार वाजलं. घराला पुढून वळसा घालून, गल्लीच्या देखत, साहेब चालत आले होते. उंबऱ्याबाहेर उभे. आत पाऊल टाकलं नाही. खाली पट्टीकडे बघून म्हणाले, "चहा करू का तुला?"

चौतीस वर्षांत हा प्रश्न या घरात पहिल्यांदाच उलट्या बाजूने आला होता. वहिनींनी मान वर केली नाही. "करा," म्हणाल्या. "साखर कुठे असते ते विचारायला येऊ नका."

साहेब विचारायला आले नाहीत. चहा आला तो बिनसाखरेचा. वहिनींनी कप दारातूनच घेतला, दार लावून घेतलं, आणि तो तसाच पिऊन टाकला.